थेट महापौर निवडणूक: माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. दारोदार प्रचाराची आखणी कशी करावी?

पायरीपासून

नमस्कार मंडळी,

महापौर थेट मतदारांनी निवडायचा आहे. आमच्या उमेदवारामागे मोठा पक्ष नाही. नोंदणीकृत मतदार ८०,००० च्या आसपास, गेल्या वेळी मतदान ३५ टक्के. रिंगणात दखल घ्यावी असे तिघे. स्वयंसेवक म्हणून ६० जणांनी नाव दिलंय आणि मतदानाला १४ आठवडे आहेत.

फलक, जाहिराती, समाजमाध्यमं यांवर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत, त्यामुळे ते नको. मला घरोघरी जाण्याबद्दल विचारायचंय. एवढ्या माणसांत खरोखर किती दारं होतात? यादी कशी तयार करायची? दारात बोलायचं काय? आणि जमवलेली माहिती मतदानाच्या दिवशी वापरायची कशी? ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया आकड्यांसकट सांगावं.

यादीवाला

आखणी मतदानाच्या दिवसापासून मागे मोजत यायची. ८०,००० चे ३५ टक्के म्हणजे २८,००० लोक मत देणार. तिरंगी लढतीत ४५ टक्के मिळाले तर बहुतेक वेळा निभावतं, ते झाले १२,६००. मतदान थोडं वाढलं तरी कमी पडू नये म्हणून १३,५०० धरा. हा आकडा सगळ्यांना पाठ असला पाहिजे.

आता तुमची ताकद. नाव दिलेल्यांपैकी ठरल्या दिवशी साधारण निम्मे येतात. यात कुणाचा दोष नाही, सगळीकडे हेच प्रमाण दिसतं. म्हणजे माणशी आठवड्याला एक पाळी धरली तर ३० पाळ्या. शेवटचे दोन आठवडे पाठीराख्यांना मतदानाला बाहेर काढण्यासाठी राखून ठेवा. उरले १२ आठवडे, म्हणजे ३६० पाळ्या. तीन तासांच्या पाळीत अर्धा तास सूचना आणि जाण्यायेण्यात जातो. उरलेल्या अडीच तासांत तासाला १६ प्रमाणे ४० दारं. एकूण १४,४०० दारं झाली. पहिल्या फेरीत दहातली तीन दारं उघडतात, म्हणजे ४,३२० घरांशी बोलणं होईल. घरटी दोन मतदार धरले तर ८,६०० च्या आसपास मतदार, आणि त्यातलेही सगळे तुमचे नव्हेत.

त्यामुळे नुसत्या दारोदार प्रचाराने १३,५०० चा आकडा गाठता येणार नाही. जे उमेदवाराला आधीच ओळखतात आणि नेमाने मतदान करतात ते तुम्ही न जाताही मत देतील. दारं ठोठवायची ती दोन प्रकारच्या लोकांसाठी: आपल्या बाजूचे पण मतदानाला न जाणारे, आणि जाणारे पण अजून न ठरवलेले. शहरात ४०,००० दारं असतील तर त्यातली एक तृतीयांशच तुमच्या आवाक्यात आहेत, मग ती निवडून घ्या.

निवडायची कशी? अमेरिकेसारख्या ठिकाणी मतदार यादीत कुणी कधी मतदान केलं याची नोंद मिळते (कुणाला केलं याची अर्थातच नाही). तिथे माणसागणिक निवड करता येते. जिथे ती सोय नाही तिथे केंद्रनिहाय निकाल काढा. ज्या केंद्रावर तुमच्या विचाराच्या उमेदवाराला चांगली मतं पडली पण मतदान शहराच्या सरासरीपेक्षा कमी, ते केंद्र पहिलं. मतं विभागलेली आणि मतदान भरघोस, ते दुसरं. प्रतिस्पर्ध्याचा बालेकिल्ला सोडून द्या. "सगळीकडे एकदा तरी जाऊन येऊ" ही भाषा बैठकीत छान वाटते, पण त्यात पाळ्या वाया जातात आणि हक्काच्या वस्त्या कोरड्या राहतात.

आता यादी. पहिली अडचण घर क्रमांकांची. स्प्रेडशीटमध्ये घर क्रमांक मजकूर म्हणून बसतो, मग क्रम लागतो १, १०, १०१, ११, २, २०. अशी यादी हातात घेतलेला माणूस गल्लीत पुढेमागे धावत राहतो आणि ४० ऐवजी २५ दारं करून परततो. उपाय: घर क्रमांकाचे दोन रकाने करा. एकात निव्वळ आकडा, दुसऱ्यात शेपूट (अ, ब, /२ वगैरे). मग क्रम असा लावा: आधी रस्ता, मग सम-विषम, मग आकडा, शेवटी शेपूट. रस्त्याची एक बाजू संपवून दुसऱ्या बाजूने परत यायचं, अधेमधे रस्ता ओलांडायचा नाही. इमारत असेल तर मजले उतरत्या क्रमाने लावा: लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने उतरत यायचं.

दुसरी अडचण म्हणजे एकच रस्ता तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. रस्त्यांच्या नावांची वेगळी यादी काढून ती आधी हाताने एकसारखी करा. एक संध्याकाळ जाते, पण पुढची सगळी छपाई त्यावर अवलंबून आहे.

एका पाळीचा गठ्ठा ४० ते ४५ दारांचा. वर गठ्ठ्याचा क्रमांक आणि नकाशा, आत पानाला १० ते १२ दारं, कडेला खुणेसाठी रुंद जागा. देताना-घेताना वहीत नोंद: गठ्ठा क्रमांक, नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. वही नसली की एकाच गल्लीत दोन जोड्या जातात आणि शेजारच्या गल्लीत कुणीच जात नाही. शिवाय गठ्ठ्यात लोकांची नावं आणि पत्ते असतात, तो कुठे राहिला हे कळलंच पाहिजे.

जिना_उतरताना

@यादीवाला, मांडणी पटली, पण तासाला १६ हा आकडा चाळवजा किंवा दाट इमारतींचा आहे. सुटी घरं, पुढे अंगण आणि फाटक असलं तर १० ते १२ च होतात. वस्ती बघून गठ्ठा २५ चा किंवा ४० चा करा. अर्धा गठ्ठा राहून गेला की माणूस खट्टू होऊन परततो आणि पुढच्या पाळीला येत नाही.

बंद दारांबद्दल: दुसरी फेरी वेगळ्या वेळेला हवी. आठवड्याच्या संध्याकाळी बंद मिळालेलं दार सुट्टीच्या सकाळी वाजवा. त्याच वाराला त्याच वेळी पुन्हा गेलात तर तीच माणसं पुन्हा घरी नसतात. दोन फेऱ्यांत निम्म्याच्या आसपास घरं भेटतात. तिसरी फेरी सहसा परवडत नाही, अपवाद फक्त पहिल्या गटातल्या केंद्रांचा.

बंद दारात नुसतं छापील पत्रक सरकवू नका. त्याच्या कोपऱ्यात पेनने "आलो होतो, भेट झाली नाही" आणि खाली स्वतःचं नाव, एवढं हाताने लिहा. मात्र दारात खोचा किंवा खालून सरकवा. अमेरिकेत टपालपेटीत बिनतिकिटाचं पत्रक टाकणं कायद्याविरुद्ध आहे, इतरत्रही तिथला नियम बघून घ्या.

उंबरठा

दारातल्या बोलण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मोहिमा यादीवर मेहनत घेतात आणि इथे ढेपाळतात.

घंटा वाजवली की दोन पावलं मागे सरकून उभं राहा, पॅड खाली धरा. दार उघडताच तोंडासमोर पॅड आणि पेन दिसलं की वसुलीला कुणी आलंय असं वाटतं. पत्रक शेवटी द्यायचं. आधी दिलं तर माणूस ते वाचायला लागतो किंवा "बरं, वाचतो" म्हणून दार लावतो, आणि तुमचं बोलणं सुरूच होत नाही.

बोलणं साधारण असं:

"नमस्कार, मी अमुक. महापौरपदाच्या उमेदवार तमुक यांच्यासाठी आलोय. दोन मिनिटं आहेत का? नव्या महापौरांनी या भागात सगळ्यात आधी काय हाताला घ्यावं असं तुम्हाला वाटतं?"

इथे गप्प बसायचं. मनात पाचपर्यंत मोजा. नवा कार्यकर्ता ही शांतता सहन न होऊन स्वतःच बोलायला लागतो आणि मग जाहीरनामा वाचून दाखवतो. माणसाला बोलू द्या. तो म्हणाला, "रात्री या रस्त्यावर दिवेच नसतात", तर त्याला धरून एकच प्रश्न विचारा: "कधीपासून? तक्रार केली होती का?" मग उमेदवाराची त्याच विषयावरची भूमिका दोन वाक्यांत. दिव्यांबद्दल बोलणाऱ्याला करांविषयी सांगायला जाऊ नका. आणि उमेदवाराच्या वतीने आश्वासन द्यायचं नाही. "मी नोंद करून घेतो, आमच्याकडून फोन येईल" एवढंच म्हणा, आणि फोन आठवड्याच्या आत गेलाच पाहिजे. न गेलेला फोन ते घर कायमचं घालवतो.

शेवटचा प्रश्न थेट हवा: "मतदान आजच असतं तर तुमचं मत तमुकना की दुसऱ्या कुणाला?" बरेच जण संकोचाने हा प्रश्न टाळतात आणि "मग आमच्याकडे लक्ष असू द्या" म्हणून निघतात. अशा भेटीतून यादीला काहीच मिळत नाही.

खुणा पाच ठेवा:
१ – नक्की आपला
२ – आपल्याकडे झुकलेला
३ – ठरवलेलं नाही
४ – दुसऱ्याकडे झुकलेला
५ – नक्की दुसऱ्याचा

मोहिमा फसतात त्या १ च्या खुणेवर. आपल्याकडे दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. "हो हो, तुम्हालाच" असं दार लोटता लोटता म्हटलेलं असेल तर ती ३ आहे. "बघू", "विचार करू", "सगळेच चांगले आहेत", याही ३ च. १ तेव्हाच द्या जेव्हा माणूस उमेदवाराचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतो, किंवा काहीतरी करायला तयार होतो: फोन नंबर देतो, खिडकीत फलक लावू देतो, एखादी पाळी करतो म्हणतो. खुणा फुगल्या की मतदानाच्या दिवशी तुम्ही प्रतिस्पर्ध्याचेच मतदार मेहनतीने केंद्रावर पोचवता.

पडताळणी सोपी आहे. दर आठवड्याला १ च्या खुणांतून कुठलीही २० नावं काढा आणि दुसऱ्या माणसाकडून फोन करवा. १५ पेक्षा कमी लोकांनी दुजोरा दिला तर खुणा सैल पडताहेत असं समजा. कुणाच्या गठ्ठ्यात ते होतंय ते शोधा आणि त्याला रागावू नका, एक पाळी कसलेल्या माणसाबरोबर पाठवा.

खूण दारात उभं राहून करायची नाही, पण पुढचं दार वाजवण्याआधी करायचीच. तीन दारं झाल्यावर आठवून लिहिलेल्या खुणा एकमेकींत मिसळतात. पावसाळी हवेत पेनची शाई पसरते, म्हणून पॅडला दोरीने शिसपेन्सिल बांधा.

५ वाल्याशी वाद घालू नका. "बरं, वेळ दिल्याबद्दल आभार" आणि पुढे. तुमच्या अडीच तासांतली दहा मिनिटं तिथे गेली तर तीन दारं बुडाली. शिवाय वाद जिंकूनही मत मिळत नाही.

नव्यांचं प्रशिक्षण २० मिनिटांत होतं: पाच मिनिटं उमेदवार आणि तीन मुद्दे, दहा मिनिटं दोघांदोघांत दारातलं संभाषण करून बघणं, पाच मिनिटं खुणा. त्यातलं मधलं वगळू नका. पहिला तास अनुभवी माणसासोबत, मग जोडीतल्या जोडीत एकाआड एक दार. रात्रीच्या वेळी किंवा अनोळखी भागात दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहावं.

उमेदवार स्वतः फिरत असेल तर पुढे दोघे ठेवा. ते दारं वाजवत जातात, कुणी उघडलं की मागे हात करतात, उमेदवार तेवढ्याच दारी जातो. बंद दारांसमोर उभं राहण्यात त्याचा वेळ जात नाही.

मोजपट्टी

एक शंका मांडतो. दारोदार जाऊन लोकांचं मत खरंच बदलतं का?

यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे ३०,००० मतदारांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष भेटीने मतदान ठळकपणे वाढलं, टपालाने किंचित, आणि व्यावसायिक केंद्रांतून केलेल्या फोनचा परिणाम दिसला नाही. पण लक्षात घ्या, तिथे मोजलं ते माणूस मतदानाला गेला की नाही. कुणाला मत दिलं ते नव्हे.

मत बदलण्याबद्दलचं चित्र उत्साह कमी करणारं आहे. जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. अमेरिकेतल्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रचारामुळे मतदाराची पसंती बदलण्याचा परिणाम त्यांना सरासरी शून्याजवळ दिसला. मग एवढी यातायात उमेदवाराची बाजू पटवण्यासाठी करावी का, की फक्त आपल्या लोकांना बाहेर काढण्यावर भर द्यावा?

उंबरठा

@मोजपट्टी, त्याच आढाव्यातली दुसरी बाजूही घ्या. पक्षाची खूण समोर असते तिथे परिणाम दिसत नाही. पक्षांतर्गत निवडणुका आणि सार्वमतं, जिथे मतदाराला पक्षाचा आधार नसतो, तिथे प्रचाराने मन वळतं असं त्यांनाही दिसलं. महापौराच्या लढतीत, त्यातही पक्षाशिवाय उभ्या उमेदवाराच्या बाबतीत, परिस्थिती दुसऱ्या प्रकारच्या जवळ जाते. लोकांना उमेदवाराचं नावच माहीत नसतं. तिथे पहिली प्रत्यक्ष ओळख खूप काम करते.

म्हणून दोन टप्पे. पहिले सात-आठ आठवडे ओळख आणि खुणा. नंतरच्या आठवड्यांत फक्त २ आणि ३ कडे पुन्हा जा. शेवटचे दोन आठवडे १ आणि २, मत वळवण्याचा प्रयत्न पूर्ण बंद.

मोजपट्टी

हे मान्य. मग आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. डेव्हिड निकरसन यांच्या डेन्व्हर आणि मिनिआपोलिस इथल्या प्रयोगात असं दिसलं की दारात ज्याच्याशी बोललात त्याच्यावर झालेल्या परिणामाचा सुमारे ६० टक्के भाग घरातल्या दुसऱ्या मतदारापर्यंत पोचतो. त्यामुळे घरात दोन मतदार असतील तर दोघांना वेगवेगळं गाठायला फेऱ्या घालू नका. एकाशी नीट बोला आणि निघताना दुसऱ्याचं नाव घेऊन निरोप द्या.

दुसरी: २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियात निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी लोकांना फोनवर मतदानाचा बेत विचारून पाहिला. किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल. नुसत्या आठवणीपेक्षा याने मतदान वाढलं, आणि वाढ दिसली ती मुख्यतः एकट्या मतदाराच्या घरांत. तेव्हा एकटे राहणारे १ आणि २ यांच्यापुढे वेगळी खूण करून ठेवा.

पायरीपासून

सगळ्यांचे आभार, हे सगळं छापून घेतोय. दोन उपप्रश्न. बऱ्याच इमारतींत फाटकावरच अडवतात, तिथे काय करावं? आणि ६० चे १२० स्वयंसेवक कसे करायचे? हिशेब बघितल्यावर खरी टंचाई तिथेच दिसते.

जिना_उतरताना

फाटकाचं आधी. अमेरिकेत मिनेसोटासारख्या काही ठिकाणी उमेदवाराला रहिवासी इमारतींत शिरू देण्याची तरतूद कायद्यातच आहे. तुमच्याकडे तशी आहे का ते निवडणूक कार्यालयात विचारा आणि असल्यास त्या कलमाची छापील प्रत पॅडला लावा. नसेल तर आतला माणूस शोधा. त्या इमारतीतला एखादा १ किंवा २ असेल तर त्याच्याकडून तळमजल्यावर किंवा त्याच्या घरी ४५ मिनिटांची बैठक लावा. ३० जणांना बोलावलं तर १० ते १२ येतात. तेही आदल्या दिवशी यजमानाने स्वतः फोन केला तर; नुसता संदेश टाकला तर चार. पहिली १० मिनिटं लोकांचे प्रश्न, मग उमेदवार, आणि शेवटी सह्यांचा कागद फिरवायचा. इमारतीतला कुणीच ओळखीचा नसेल तर हाताने पत्ता लिहिलेलं पत्र पाठवा. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, तो त्याचं काम करतोय.

यादीवाला

स्वयंसेवकांबद्दल: "मदत कराल का?" असं विचारू नका. "शनिवारी सकाळी १० ते १ की रविवारी संध्याकाळी ४ ते ७?" असं विचारा. सह्यांच्या कागदावर तारखा आधीच छापलेल्या असाव्यात, माणसाने खूण फक्त करायची. पाळी संपवून आलेल्या प्रत्येकाची पुढची तारीख पॅड परत घेतानाच ठरवा, घरी गेल्यावर फोन करून नव्हे. आदल्या संध्याकाळी आठवणीचा फोन, तोही त्याच्या पाळीप्रमुखाचा. एका पाळीप्रमुखाकडे सात-आठ जणच असावेत. ६० जणांना एकच माणूस फोन करत बसला तर चौथ्या आठवड्यात तो थकतो आणि साखळी तुटते. पाळीप्रमुख लवकर नेमा, दुसऱ्या आठवड्यातच. हे काम कार्यालयातल्या कुठल्याही कामापेक्षा महत्त्वाचं आहे.

दारात १ मिळाला की त्याच दमात पाळी मागा. शंभर १ मध्ये चार-पाच जण हो म्हणतात, आणि ते त्याच गल्लीतले असतात.

आणखी एक, खुणा त्याच रात्री संगणकावर चढवा. गठ्ठा घेताना प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. नोंद करणारा आणि तपासणारा वेगळा. ॲप वापरत असाल तर जिन्यात आणि तळघरात नेटवर्क नसतं, नोंदी अडकून पडतात. पाळी संपल्यावर ॲपमधली संख्या आणि माणसाने सांगितलेली संख्या जुळते का ते बघितल्याशिवाय त्याला सोडू नका. आणि मतदारांची यादी मोबाइलवरच्या गटांत टाकू नका. कुणाची खूण ५ आहे हे शेजाऱ्याला कळलं तर त्या गल्लीत तुम्हाला पुन्हा कुणी दार उघडणार नाही.

पसंतीक्रम

मतदानाची पद्धत कुठली, हे कुणी विचारलंच नाही. त्यावर दारातला शेवटचा प्रश्न ठरतो. लंडनमध्ये २००० ते २०२१ पर्यंत महापौरासाठी पहिली आणि दुसरी अशी दोन पसंतीची मतं होती, २०२४ च्या निवडणुकीत एकच मत होतं. न्यू यॉर्कमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत २०२१ पासून पाच पसंती देता येतात. तिथे २०२५ मध्ये झोहरान ममदानी यांच्या मोहिमेने हजारो स्वयंसेवकांच्या बळावर घरं पिंजून काढली आणि प्रतिस्पर्धी ब्रॅड लँडर यांच्याशी हातमिळवणी करून एकमेकांना दुसरी पसंती देण्याचं आवाहनही केलं.

पसंतीची पद्धत असेल तर ४ आणि ५ वर थांबू नका. "ठीक, तुमची पहिली पसंती ते. दुसरी आमच्या उमेदवाराला देता येईल का?" असं विचारा आणि त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. प्रतिस्पर्ध्याबद्दल वाईट बोललात तर ही दुसरी पसंती हातची जाते. मतदानाच्याच दोन फेऱ्यांची पद्धत असेल तर पहिल्या फेरीनंतरच्या दिवसांसाठी पाळ्या आधीच ठरवून ठेवा, निकालाच्या रात्री सगळे पांगतात.

आणि एकच मत असेल तर एकेक दार मोजा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स महापौर झाले ते फक्त १० मतांनी.

केंद्र_आणि_खोली

मतदानाच्या दिवसाचं राहिलंय, ते लिहितो.

आधी कायदा. प्रचारबंदी किती तास आधी लागते, मतदानाच्या दिवशी दारं वाजवता येतात का, केंद्रापासून किती अंतर राखायचं, हे लेखी घ्या. मतदारांना गाडीतून नेणं ब्रिटन-अमेरिकेत सर्रास चालतं, भारतात उमेदवाराने त्यासाठी वाहनं पुरवणं लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरतं. प्रचारबंदी असेल तर खालचं वेळापत्रक तेवढे दिवस अलीकडे सरकवा.

शेवटच्या चार दिवसांत १ आणि २ च्या प्रत्येक घरी एक भेट किंवा फोन. बोलायचं तीनच गोष्टींवर: केंद्र कुठे, किती वाजता, कुणाबरोबर. मुद्दे, टीका, काही नाही. मतदान केंद्र बदललं असेल त्या गल्ल्यांपासून सुरुवात करा, तिथे लोक जुन्या जागी जाऊन हिरमुसून परततात. टपालाने किंवा आधी मतदान करायची सोय असेल तर ज्यांचं झालं त्यांची नावं रोज कापा.

मतदानाच्या दिवशी केंद्रनिहाय यादी, त्यात फक्त १ आणि २, मतदार क्रमांकाच्या क्रमाने लावलेली. घर क्रमांकाची यादी इथे चालत नाही, कारण केंद्रातून येणारी माहिती मतदार क्रमांकात असते. नियमात बसत असेल तिथे आतला प्रतिनिधी मत दिलेल्यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहितो, दर तासाला निरोप्या ती बाहेर आणतो, बाहेर बसलेला यादीतले क्रमांक खोडतो. ब्रिटनमध्ये पक्षांचे लोक केंद्राबाहेर मतदारांना क्रमांक विचारतात, सांगणं ऐच्छिक असतं. दोन केंद्रांमागे एक निरोप्या पुरतो.

न खोडलेल्या नावांकडे तीन फेऱ्या: सकाळी, दुपारी, आणि शेवटच्या तीन तासांत. बळ समान वाटू नका. निम्मी माणसं शेवटच्या फेरीला ठेवा, तेव्हाच उरलेली नावं खरी असतात आणि लोक कामावरून परतलेले असतात. बहुतेक मोहिमांत सगळे सकाळी सहाला हजर होतात आणि चार वाजता कुणी उरत नाही. म्हणून दोन पाळ्या लेखी ठरवा आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांना सकाळी येऊ देऊ नका.

केंद्र बंद झाल्यावर काम संपत नाही. प्रत्येक केंद्रावरचा तुमचा प्रतिनिधी सही-शिक्क्याची आकडेवारी हातात आल्याशिवाय उठता कामा नये. ३१ मार्च २०१९ ला इस्तंबूलमध्ये महापौरपदाची मतमोजणी चालू असताना सरकारी वृत्तसंस्थेने आकडे देणं थांबवलं, तेव्हा विरोधी पक्षाचे उमेदवार एक्रेम इमामोग्लू यांच्या पक्षाकडे केंद्राकेंद्रावरचे सही केलेले तक्ते होते आणि त्यांवरून त्यांनी स्वतःची बेरीज जाहीर केली. फरक साधारण १३,००० चा होता, एक कोटीहून अधिक मतदारांच्या शहरात. पुढे ती निवडणूक रद्द होऊन २३ जूनला पुन्हा झाली आणि ते सुमारे ८ लाखांच्या फरकाने जिंकले.

तक्त्याचा फोटो काढताना चारही कोपरे, केंद्र क्रमांक आणि सह्या दिसायला हव्यात. बेरीज तिथेच करून बघा: उमेदवारांची मतं अधिक बाद मतं ही एकूण मतदानाशी जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर लेखी हरकत त्याच टेबलावर द्या आणि पोच घ्या, दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तोंडी सांगून उपयोग होत नाही.

पायरीपासून

@केंद्र_आणि_खोली, कोरा तक्ता आणि हरकतीचा नमुना निवडणूक कार्यालयातून आधीच मिळतो का?

केंद्र_आणि_खोली

बहुतेक ठिकाणी मिळतो. प्रतिनिधींच्या नेमणुकीचे अर्ज भरायला जाल तेव्हाच मागा आणि नमुन्यावर एकदा सराव करवून घ्या. नेमणुकीच्या अर्जाची मुदत मात्र काही ठिकाणी मतदानाच्या बरीच आधी संपते, ती तारीख आजच बघा. प्रत्येक केंद्रासाठी एक राखीव प्रतिनिधीही त्याच अर्जांत द्या, ऐनवेळी आजारी पडलेल्याच्या जागी दुसरा बसवणं काही ठिकाणी जमत नाही.